मल्हारीच्या टाचा

ठेच लागते, काटा मोडतो, बैल पाय देतो. ह्या सगळ्याला गावात नाव असतं आणि नाव असलं की औषधही असतं. मल्हारी गांगुर्ड्याला जे झालं त्याला चांदवड तालुक्यात नावच नव्हतं, म्हणून ते गावाला शेवटपर्यंत पटलं नाही.

एकाहत्तरच्या लढाईत मल्हारी नौदलाच्या एका बोटीवर इंजिनखोलीत कामाला होता. बोटीला गोळा लागला नाही. भोक पडलं नाही, आग लागली नाही, कोणी समुद्रात पडलं नाही. जवळच कुठंतरी पाण्याच्या पोटात स्फोट झाला आणि पाण्यानं तो धक्का जसाच्या तसा बोटीच्या बुडाला नेऊन दिला. पायाखालची लोखंडी फरशी टीचभर वर उसळली, पापणी लवायच्या आत. लोक आभाळ कोसळल्याचं सांगतात. मल्हारीवर जमीन कोसळली, आणि तीही खालून.

त्याच घडीला एक साहेब पाहणीसाठी शिडीवरून इंजिनखोलीत उतरत होते. साहेबांचे बूट दिसले तसे चौघं गडी सावधान झाले. छाती पुढं, टाचा जोडलेल्या, गुडघे खिळे ठोकल्यासारखे. पाचवा केरळाकडचा एक गडी पंपामागं उकिडवा बसून तेलाचं फडकं पिळत होता, त्याला साहेब दिसलेच नाहीत. धक्का बसला तेव्हा त्या उकिडव्या गड्याला टेंगूळ आलं, तेवढ्यावर भागलं. साहेबांचे गुडघे उतरता उतरता वाकलेले होते, हात कठड्याला होते. त्यांची टोपी पडली. ताठ उभ्या राहिलेल्या चौघांची हाडं मोडली. मल्हारीच्या दोन्ही टाचांची तर खापरं झाली.

दवाखान्यात डॉक्टरनं हाडांचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला.

"बैठा होता तो बच जाता. घुटना ज़रा मुड़ा होता, तो भी बच जाता."

"साहब आए थे," मल्हारी म्हणाला.

डॉक्टरनं फोटो पाकिटात घातला आणि पुढच्या खाटेकडं गेला.

ताठ उभं राहणं ही मल्हारीची मिजास, असं गाव म्हणायचं. मिजास नव्हती. त्याचा बाप जयराम जन्मभर पाटलाच्या ओट्यापुढं कमरेत वाकून, वहाणा काखेत धरून उभा राहिला. इतका, की म्हातारपणी समोर कोणी नसलं तरी त्याला सरळ होता येईना. मल्हारी बोटीवर भरती झाला तेव्हा कवायत शिकवणाऱ्यानं पहिल्याच आठवड्यात पाठीत काठी टोचून त्याला सरळ केलं. मल्हारीला ते गोड लागलं. ताठ उभा राहा म्हणून सरकारच हुकूम देतंय, आणखी काय पाहिजे? रजेवर आला की तो पारापुढून असा जायचा की पारावरचे म्हणायचे, "जयरामाचं पोरगं पहार गिळून आलंय."

त्या चौघांत सगळ्यांत ताठ तोच उभा होता आणि सगळ्यांत जास्त मोडला तोही तोच. ह्याचा अर्थ काय लावायचा, ते त्यानं कधी लावून पाहिलं नाही.

नौदलानं घरी पाठवलं तेव्हा तो दोन काठ्यांवर गावात उतरला. पारावर चौकशी झाली.

"गोळी कुठं लागली रं?"

"गोळी नाय लागली."

"मंग वरून पडला?"

"नाय. उभा व्हतो."

"उभ्या उभ्या पाय मोडले?"

"खालची फरशी उठली."

"लोखंडाची?"

"हां."

 मग पुंजा नावाचा एक जण तंबाखू मळता मळता म्हणाला, "आमची म्हैस उठवता उठत नाय, आन् ह्याची फरशी उठती." पार हसला. मल्हारीही थोडा हसला, आणि त्या दिवसापासून त्यानं ती गोष्ट सांगणं सोडून दिलं.

टाचा जुळल्या, काठ्या सुटल्या, पण टाचांतला जीव गेला. निखारा पडला तरी कळायचं नाही. एकदा बाभळीचा काटा दोन दिवस टाचेत घेऊन फिरला आणि वहाणेत ओल का दिसते म्हणून वहाणच बदलून आला. तेव्हापासून बायको विमलाबाई रोज संध्याकाळी त्याला ओट्यावर बसवायची. "द्या पाय." बैलाचा खूर बघावा तसा तळवा उलटा करून बघायची, बोटानं चाचपायची. एकदा म्हणाली, "हे मेलेपण टाचंत ऱ्हाईलं आसतं तर मी काय बोलले नसते. ते वर चढाया लागलंय." तिचं खोटं नव्हतं. बाप वारला तेव्हा सगळी वस्ती रडत होती आणि मल्हारी तिरडीचा बांबू आखूड पडतोय का, ते मापून बघत होता. डोळ्यात टिपूस नाही. रडायचं नाही असं त्यानं ठरवलं नव्हतं. आत हात घातला तर काही लागेना.

चौऱ्याहत्तर साली माजी सैनिक म्हणून त्याला सातपूरच्या एका रबर कंपनीत काम लागलं आणि आई-बायकोला घेऊन तो तिकडंच राहायला गेला. यंत्राची थरथर जमिनीत उतरू नये म्हणून यंत्राखाली रबरी गाद्या बसवतात, त्या तिथं बनायच्या. मालक गायधनी पंचवटीतले. घरी पिढीजात भिक्षुकी, ती सोडून हा माणूस इंजिनियर झाला होता. लबाड नव्हता. पण पोथी सुटली तरी पोथीवरचा विश्वास सुटला नव्हता, फक्त आता पोथीच्या जागी नकाशा आला होता. कागदावर लिहिलंय ते खरं, बाकी सगळं बोलणं.

मल्हारीला बसून करायचं काम पाहिजे होतं, म्हणून त्याला तपासणीच्या टेबलावर घातलं. जोडीला बहिरू. हा मखमलाबादचा माळी, घरी कोबी-फ्लॉवरचा मळा आणि जीभ मिरचीच्या वाफ्यातली.

अठ्ठ्याहत्तर साली कंपनीला नौदलाचं नवं काम आलं. यंत्राखाली नव्हे, माणसांखाली घालायच्या चटया. बोटीवर जिथं खलाशी उभ्यानं काम करतात तिथं फरशीवर अंथरायच्या. खालून धक्का आला तर तो चटईत जिरावा, पायात जाऊ नये. मल्हारीनं नकाशा हातात घेतला, दोनदा वाचला आणि परत ठेवला. बहिरू म्हणाला, "तुझ्या सासरची सोयरीक आली की रं!"

गायधन्यांनी तपासायला यंत्रही बांधलं. जाड लोखंडी पाट, त्याच्याखाली लोंबता घण. साखळीनं घण मागं ओढायचा आणि कडी सोडायची. घण खालून पाटाला ठोकर देतो, पाट उसळतो. पाटावर चटई, चटईवर माणसाच्या वजनाचं वाळूचं पोतं. पोत्याला किती धक्का बसला ते काटा दाखवतो. चटई केली होती तीन बोटं जाड, लोण्यासारखी मऊ. वीस वेळा घण मारला, वीस वेळा काटा खुणेच्या आत राहिला. गायधन्यांनी पेढे वाटले.

मल्हारीनं पेढा खाल्ला आणि चटईवर अंगठा दाबला. अंगठा रबरात बुडाला आणि खाली लोखंडाला लागला.

"साहेब, ही चालायची नाय."

"का? काटा पाहिलास ना?"

"काटा पोत्याचा हाय. पोतं शेणाच्या पवासारखं सगळ्या चटईवर पसरतं. माणूस दोन टाचंवर उभा ऱ्हातो. टाचंखाली रबर आधीच दबून बसलंय. वरतून... म्हंजी खालतून ठोका आला का दबायला काय उरतच नाय. चटई आसून नसल्यासारखी."

"नकाशात पोतं आहे, मल्हारी."

"नकाशा तुमीच काढला, साहेब."

गायधनी तांबडे झाले. "तू इंजिनियर आहेस का?"

"नाय."

"मग?"

मल्हारीनं खाली आपल्या पायांकडं बघितलं असतं तरी उत्तर झालं असतं, पण त्याला तशी सवय नव्हती.

तपासणीचा साहेब पंधरा दिवसांनी येणार होता. त्यानं सही केली की ह्या चटया बोटींवर जाणार, आणि त्यांच्यावर विसंबून गडी उभे राहणार. मल्हारीच्या पायाखाली निदान काहीच नव्हतं. ह्यांच्या पायाखाली खोटा भरवसा असणार होता. मल्हारीला संताप आला नाही, झोपही उडाली नाही. फक्त ही चटई जाऊ द्यायची नाही एवढं एक त्याच्या डोक्यात खडा अडकावा तसं अडकून बसलं.

रविवारी घरी मटण होतं. त्याची आई भिमाबाई पाट्यावर नळी फोडत होती. उघड्या दगडावर वरवंट्याच्या एका ठोक्यात नळी फुटली. दुसरी नळी चुकून ओल्या फडक्यावर ठेवली गेली, तिला तीन ठोके लागले. मल्हारी बघत राहिला.

"आये, अशा चार नळ्या कच्च्याच ठेव मला."

"कशापायी?"

"कंपनीत न्यायच्यात. पोत्याखाली पायासारख्या उभ्या करायच्या आन् ठोका द्यायचा. मऊ चटईवर फुटल्या का सगळ्यांला दिसंल."

म्हातारीनं वरवंटा खाली ठेवला.

"हाडं बांधून न्यायचा तू? सायकलीला?"

"बकऱ्याची त हायेत."

"कशाची का आसंना. तुह्या आज्यानं गावाची मेलेली ढोरं वढली. तुह्या बापानं वढली. छप्पन साली सगळ्या वस्तीनं हिरीपाशी उभं ऱ्हाऊन सांगितलं, आजपून हाडाला हात लावनार नाय. बाप तुहा तवा पयल्यांदा बोलला मोठ्यानं. आन् तू पुन्ना हाडं वाहायला निघाला, त्या पंचवटीवाल्याच्या दारात?"

"तपासायला, आये. आन् आत्ता आपून खातोय त्याचं काय?"

"खायचं हाड येगळं, वाहायचं हाड येगळं. लोक हाड बघत नायत बाबा. कोन वाहतंय ते बघत्यात."

 मल्हारीनं वाद सोडला. त्याला बहिरूची जीभ दिसत होती, फाटकावरचा शिपाई दिसत होता, श्रावणातल्या सोमवारी यंत्रावर हाडं मांडलेली बघून गायधन्यांचं होणारं तोंड दिसत होतं. चटईचं राहील बाजूला आणि गावभर होईल ते हाडांचंच. म्हातारी शिकलेली नव्हती, पण माणसाचा काटा कुठं जातो ते तिला बरोबर कळायचं. नळ्या रश्श्यात गेल्या.

साहेब ठरल्या दिवशी आला. नौदलाचा पांढरा पोशाख, मिशी बारीक, बोलणं हिंदी. कामगार रांगेत उभे केले होते. पोतं ठेवलं, घण सोडला. एकदा, दोनदा, तीनदा. काटा खुणेच्या आत. साहेबानं खिशातलं पेन काढलं.

"सर," मल्हारी रांगेतून म्हणाला, "एक बार आदमी खड़ा करके देखो."

गायधनी म्हणाले, "मल्हारी, मागं हो."

साहेबानं पेनाचं टोपण तसंच धरलं. "कौन खड़ा होगा?"

"मैं, सर."

"नेवी में थे?"

"जी. इंजन रूम. इकहत्तर में पाँव गया. नीचे से."

'नीचे से' म्हटल्यावर साहेबानं त्याच्या पायांकडं पाहिलं. गावात आणि कंपनीत मिळून सात वर्षांत एवढ्या दोन शब्दांत समजलेला हा पहिला माणूस. साहेब म्हणाला, घण पाव खुणेपर्यंतच ओढायचा, वर नाही. गायधन्यांनी कपाळाला हात लावला.

मल्हारी वहाणा काढून चटईवर चढला. बहिरूनं साखळी ओढली आणि हळूच म्हणाला, "मेला तं मी मळ्यातलं काम सोडून मौतीला येनार नाय, सांगून ठेवतो."

"सोड."

कडी सुटली. दणका झाला. मल्हारी वीतभर उडाला आणि कोंबडी बसावी तसा अलगद खाली बसला. काही झालं नाही.

"बघा!" गायधनी टाळी वाजवून म्हणाले. "पोत्यालाही नाही, माणसालाही नाही. आता तरी पटलं?"

रांगेत हशा झाला. साहेबानं पुन्हा पेन उघडलं. मल्हारी उठून चटईवरच उभा होता. चटई चांगली नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. मग मोडलं का नाही? त्याच्या ध्यानात आलं, कडी सुटल्याचा आवाज झाला तेव्हाच त्याचे गुडघे ढिले पडले होते. ढेकळं फोडायला बैलांमागं लाकडाची फळी ओढतात, वजनाला तिच्यावर माणूस उभा करतात. मल्हारी लहानपणी दुसऱ्यांच्या वावरात त्या फळीवर उभा राहिलेला. ढेकूळ आलं की फळी उसळते, आणि गुडघा ताठ धरला की माणूस तोंडावर. ते कोणी शिकवत नाही, दोनदा ओठ फुटला की येतं. बोटीवर ते हुकुमाखाली दबून राहिलं होतं. इथं हुकूम नव्हता.

"सर, फिर से."

दुसऱ्या वेळी त्यानं दात खाऊन गुडघे ताठ धरले. कडी खळकन वाजली आणि गुडघे गेलेच. पुन्हा कोंबडी. आता रांग मोठ्यानं हसली. मल्हारीला लाज वाटली नाही. हातातली वस्तू चालत नाही म्हणून माणूस तिच्याकडं बघतो, तसं त्यानं आपल्या गुडघ्यांकडं बघितलं.

"सर, मुझसे नहीं होता. आप हुकूम दो."

"कैसा हुकूम?"

"सावधान बोलो. आप बोलोगे तो घुटना लगेगा. बोट पर वैसेच लगा था. फिर छोड़ने दो. फिर चटई का पता चलेगा."

हशा बंद झाला. बहिरूच्या हातात साखळी तशीच ताणलेली राहिली. मल्हारीचं तोंड भिंतीसारखं होतं, त्याच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. मोडल्या टाचा पुन्हा मोडतील, इतकंच ना? दुखणार तर नव्हतंच.

साहेबानं श्वास घेतला. ओठ उघडले. शब्द रोजचाच, दिवसातून पन्नास वेळा तोंडातून जाणारा. तो आला नाही. 

"उतर जाओ," साहेब म्हणाला.

मल्हारी उतरला. मग साहेब स्वतः पुढं झाला, एक पाय चटईवर ठेवला आणि बुटाच्या टाचेवर सगळा भार दिला. टाच रबरात बुडाली आणि टक्‌ करून थांबली. त्यानं दुसऱ्या जागी दिला. टक्‌. त्यानं गायधन्यांना खुणेनं बोलावलं. गायधन्यांनी चप्पल काढली, टाच दाबली, आणि बराच वेळ ते तिथंच एका पायावर भार देऊन उभे राहिले.

"पोतं चुकलं," ते शेवटी म्हणाले. मल्हारीकडं बघून नाही, चटईकडं बघून. तेवढं म्हणाले हेही खूप होतं.

साहेबानं सही केली नाही. जाताना मल्हारीपाशी थांबला. "चटाई के साथ और क्या लिखके भेजें?"

"लिखो, साहब आए तो भी घुटना ढीला."

साहेबाच्या मिशीखाली काहीतरी हललं. "वो मैं नहीं लिख सकता."

"मालूम है, सर."

संध्याकाळी घरी विमलाबाईनं पाय मागितले. तळवे चाचपले. टाचेवर रबराचा काळा डाग होता, तो ओल्या फडक्यानं पुसला. म्हातारी आतून म्हणाली, "नेलं का रं हाड?"

"नेलं. माझंच व्हतं, त्याला कोन काय बोलतंय."

म्हातारीला हे पटलं की नाही, कळलं नाही. तिनं भाकरी थापायला घेतली.

नवी चटई जमायला सात महिने लागले. खाली टणक, वर मऊ, आणि मध्ये वावरातल्या वरंब्यांसारखे उंचवटे, म्हणजे ठोका आधी थोडा, मग आणखी थोडा असा जिरत जातो. पोतं काढून गायधन्यांनी सागाच्या दोन लाकडी टाचा करून घेतल्या आणि त्यांच्यावर वजन लादलं. लाकडाला कोणाचा विटाळ नाही. एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात चटया ट्रकात चढल्या. त्यानंतरही चार-पाच वेळा गेल्या. त्या कुठल्या बोटीवर पडल्या, त्यांच्यावर कोण उभं राहिलं, कधी खालून धक्का आला का, ह्यातलं सातपूरला काही कळलं नाही. ज्याचा पाय मोडला नाही तो पत्र लिहीत नाही.

पहिल्या मऊ चटया, त्या नापास झालेल्या, बरेच दिवस भिंतीला लावून ठेवल्या होत्या. मग गायधन्यांनीच सांगितलं, त्या कातरकामाच्या टेबलांपाशी टाका. तिथं बाया दिवसभर उभ्यानं रबराच्या कडा कातरायच्या. चटई अंथरली तशी मालनबाई तिच्यावर चढली, जागच्या जागी दोनदा डुलली.

"अगं बया, कापसावर उभं ऱ्हायल्यावानी वाटतंय. एवढ्या चांगल्या चटया नापास कुनी केल्या?"

"ह्या मल्हारीदादानं," बहिरू म्हणाला.

"का वो दादा? तुमाला मऊ नाय लागल्या?"

"मला मऊ-टणक कळत नाय, बाई," मल्हारी म्हणाला आणि टेबलावरची पुढची गादी काट्याखाली सरकवली.